एकतीस रिकामे विभाग

आमच्या कारखान्यात माणसं आकड्यांत बोलतात. बाहेरून आलेल्याला वाटतं, हे लोक दिवसभर कुठल्या तरी सामन्याचा निकाल एकमेकांना सांगताहेत. "मॅडमचं आज अकरा-एक चाललंय" याचा अर्थ, तापमान मर्यादेबाहेर गेलं आहे, आतल्या खोलीत जाऊ नका. जेवणानंतर कोणी डुलक्या काढू लागला की त्याचं नऊ-तीन झालेलं असतं: पट्टा सैल. कोणाचं जमत आलेलं लग्न फिस्कटलं की चौदा-सहा: भाग बसत नाही, परत पाठवावा.

हे सगळे आकडे माझ्या पुस्तकातले आहेत. आम्ही मोठी धुलाईयंत्रं बनवतो. इस्पितळं, हॉटेलं वगैरे ठिकाणी जातात ती. एका वेळी शंभर किलो चादरी पोटात घेणारी. प्रत्येक यंत्राबरोबर एक पुस्तक जातं: चालवणे, देखभाल व दुरुस्ती. पानं सहाशे चाळीस, प्रकरणं सोळा. बावीस वर्षं ते मी लिहितोय. मुखपृष्ठावर यंत्राचं चित्र आहे आणि माझं नाव आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, तिसऱ्या ओळीत आहे. कारखान्यात मात्र मला नावानं कोणी हाक मारत नाही. तिथे मी 'पुस्तक'. "पुस्तकाला विचारा," "पुस्तक आलं का आज?" मला ते आवडायचं. आवडायचं हे मला नंतर कळलं.

सगळ्यात जुना फिटर आहे त्याचं टोपणनाव 'बारा-दोन'. बारा-दोन म्हणजे 'यंत्रास अवाजवी कंप'. तो बसला की त्याचा उजवा पाय आपोआप हलत राहतो आणि बाकावरचे सगळे त्याच्याबरोबर हलतात. त्याला सगळं पुस्तक तोंडपाठ आहे. त्याच्या बाकाशेजारी एक प्रत सुतळीला टांगलेली आहे, पण ती तो उघडत नाही. तिच्यावर चहाचा पेला ठेवतो.

तर या कारखान्यात माझा साडू आला. आणि तो मीच आणला.

झालं असं की, मॅडमना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, पुस्तकासाठी आणखी एक माणूस हवा होता. बायकोनं हे माझ्याच तोंडून ऐकलं आणि लगेच म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्यासाठी शब्द टाका ना."

"तो दुसऱ्या कामातला आहे."

"दुसऱ्या कसला? विमानांची पुस्तकं करत होता की तो."

"विमानं वेगळी, चादरी वेगळ्या."

"तुम्हाला टाकायचा नाही शब्द, तसं सांगा."

मी टाकला. निवड होणार नाही याची खात्री होती, म्हणून जरा चांगलाच टाकला. मॅडमनी त्याला वीस मिनिटांत घेतलं. मला घ्यायला त्यांच्या वडिलांनी तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

साडू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. घरी मला 'दादा' म्हणतो, ऑफिसात 'सर', आणि घाईत असला की 'दादासर'. मी त्याला 'तुम्ही' म्हणतो. राग साठवायला अहो-जाहो बरं पडतं, सांडत नाही.

आता माझी पद्धत सांगतो, कारण पुढे तिला सगळे हसणार आहेत. पुस्तकातला प्रत्येक आकडा मी हातानं टंकलेला आहे. ६.४ म्हणजे सहा, टिंब, चार, माझ्या बोटांनी. कोणी म्हणालं मध्ये एक विभाग घाला, तर मी तो प्रकरणाच्या शेवटी घालायचो. आणि एखादा भागच यंत्रातून गेला, तर त्याचा विभाग मी काढायचो नाही. मथळा ठेवायचो आणि खाली लिहायचो: 'हा विभाग रिकामा आहे.' असे बावीस वर्षांत एकतीस साठले. त्याखेरीज सातवं प्रकरण तर अख्खंच रिकामं, कारण ते वाळवणयंत्राचं होतं आणि ते आम्ही बनवणं सोडलं. बाकीच्या पंधरा प्रकरणांच्या आठ-आठ चुका निघाल्या असतील, सातव्याची आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही.

साडूनं दोन महिने डोकं खाली घालून काम केलं आणि मग एका सकाळी मॅडमच्या खोलीत पडद्यावर दाखवायला बसला. मॅडम, विक्रीवाले दोघं, हिशेबनीस आणि मी.

प्रकाशनाचं नवं सॉफ्टवेअर होतं. त्यात त्यानं माझ्या प्रत्येक मथळ्याला एक हुद्दा दिला होता: हा प्रकरण, हा विभाग, हा उपविभाग. आकडा कोणी टंकायचाच नाही. मथळा कुठे उभा आहे ते बघून सॉफ्टवेअर त्याला आकडा देतं.

"हे बघा," म्हणत त्यानं एक कळ दाबली आणि माझं सहाशे चाळीस पानांचं पुस्तक मिटून सोळा ओळींचं झालं. आराखडा नुसता. मग सहावी ओळ उघडली तर तिच्या खाली सहाव्या प्रकरणाचे विभाग, विभाग उघडला तर उपविभाग. जणू पुस्तक नव्हतंच ते, कपाट होतं आणि खण त्याच्या बोटाला ऐकत होते.

"समजा चौथं प्रकरण नवव्याच्या नंतर हवंय."

त्यानं चौथं प्रकरण माउसनं उचललं आणि खाली सोडलं. मधल्या सगळ्या प्रकरणांचे आकडे बदलले. आतल्या विभागांचे बदलले. 'पाहा विभाग ४.७' असं जिथे जिथे होतं तिथेही आकडा आपोआप नवा झाला. अनुक्रमणिकाही झाली. मग त्यानं ते उचलून परत जागेवर ठेवलं, तर सगळे आकडे पुन्हा पहिल्यासारखे. हे मी केलं असतं तर सहा आठवडे लागले असते आणि चष्म्याचा नंबर वाढला असता.

विक्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. हिशेबनिसानंही वाजवल्या, आणि त्याला तर तोवर कुठल्याच गोष्टीला टाळ्या वाजवताना मी पाहिलेलं नव्हतं. पुस्तकाला बावीस वर्षांत कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. मीही दोन वाजवल्या. तिसरीला हात जमले नाहीत.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादासर, एक विचारायचं होतं. हे एकतीस विभाग रिकामे आहेत. आणि सातवं प्रकरण. ते कशासाठी ठेवलेत?"

त्यानं हे अगदी सरळ विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा होता असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण नव्हता.

उत्तर मला ठाऊक होतं. एका वाक्याचं होतं. ते ठेवलेत कारण आकडे आता पुस्तकात राहत नाहीत, फिटरांच्या तोंडात राहतात, आणि तोंडातले आकडे सॉफ्टवेअरला बदलता येत नाहीत. एवढंच. पण टाळ्यांचा आवाज अजून त्या खोलीत होता.

"असंच," मी म्हणालो. "सवय."

"मग काढू?"

"काढा की."

"एकतीस पानं, काहीही न सांगण्यासाठी!" मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले. साडूनं रिकामे मथळे निवडले, एक कळ दाबली. पडद्यावर पुस्तक क्षणभर आक्रसलं आणि आकडे एकेक पायरी वर सरकून नीट उभे राहिले. कुठे काही गेलंय असं वाटलंसुद्धा नाही.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. किती कौतुक झालं म्हणे त्यांचं. टाळ्या काय, मॅडम काय. तुम्ही बोलला नाहीत काही."

"सांगणारच होतो."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की."

"मग भिंतीकडे तोंड करून का जेवताय?"

तिकडे उजेड बरा होता, असं मी सांगितलं. दिवा समोरच्या भिंतीवर आहे, बायकोच्या बाजूला.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून तपासायला कच्ची प्रत आली. साडूनं ती माझ्या टेबलावर ठेवली. "तुमची नजर फिरू दे एकदा, दादा. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?" हे असलं बोलायची त्याला गरज नव्हती. मी लाल पेन घेऊन बसलो.

चुका शोधायला बसलो होतो हे कबूल करतो. सापडल्या नाहीत. मांडणी सुरेख, मथळे ऐटीत, चित्रांचे आकडेसुद्धा बरोबर. माझ्या जुन्या आवृत्तीत पान ३१२ वरच्या चित्राखाली पान ३१८ वरच्या चित्राचं नाव होतं. चौदा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं ते दुरुस्त केलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, निदान सांगायला तरी हवं होतं. म्हणजे मला वाईट वाटलं असतं.

मग सवयीनं मी आकडे ताडून पाहिले. बारा-दोन आता 'वंगणाचे प्रकार' झाला होता. मला हसू आलं. बिचारा खाली वर्कशॉपमध्ये पाय हलवत बसला असेल आणि त्याला पत्ताही नाही की आपण वंगण झालो. मॅडमचं अकरा-एक तापमानाऐवजी भलत्याच कशावर गेलं होतं. मी मजेत पानं उलटत सहाव्या प्रकरणावर आलो. यंत्र मध्येच बंद पडल्यास.

जुन्या पुस्तकात ६.२ रिकामा होता. पूर्वी यंत्राला बाहेरून फिरवायचा एक दांडा असायचा, तो चौदा वर्षांपूर्वी गेला. ६.४ म्हणजे आतलं पाणी हातानं सोडणं, त्यासाठी मागच्या बाजूला निळी झडप. आणि ६.५ म्हणजे दार हातानं उघडणं, पुढच्या बाजूची लाल तरफ ओढून. आधी चार, मग पाच. आधी पाणी काढायचं, मग दार.

नव्या पुस्तकात दोनचा विभाग गेल्यामुळे पाणी ६.३ वर आलं होतं. आणि ६.४ झालं होतं दार.

आमचे फिटर फोनवर काय सांगतात ते मी बावीस वर्षं ऐकतोय. यंत्र अडकलं की पहिलं वाक्य एकच: "सहा-चार करा." आत तीनशे लिटर पाणी असतं, धुण्याच्या मध्यावर ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचं. लाल पेन माझ्या हातात होतं. मी उठलोसुद्धा.

साडूच्या खोलीपर्यंत गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत दोन फिटर आणि बारा-दोन उभे होते. साडू त्यांना विमानाच्या पुस्तकातली कसली तरी गंमत सांगत होता. ते हसत होते. बारा-दोन म्हणाला, "हे भारी आहे हां. आता आम्ही तुम्हाला नवं पुस्तक म्हणणार."

"आणि दादांना?"

"त्यांना? जुनं पुस्तक."

पुन्हा हसले सगळे. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. मी परत आलो आणि कच्च्या प्रतीवर लिहिलं: 'तपासले. ठीक.' सही केली, तारीख घातली.

कोणी भाजावं असं माझ्या मनात नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. माझ्या मनात जे होतं ते फार माफक होतं. एखादा चुकीचा पट्टा मागवला जावा. एखादं तक्रारपत्र यावं, शक्यतो जाड अक्षरांत. मॅडमनी साडूला बोलावून विचारावं, "हे काय?" आणि मग मला बोलावून विचारावं, "हे काय?" आणि मी खुर्चीत मागे रेलून एका वाक्यात सांगावं. पुस्तक माझ्याकडे परत यावं, बस्स. दार आणि पाणी यांचं काय होणार, तर ते ६.४ मध्येच लिहिलंय ना, 'पाणी पूर्ण निघाल्याची खात्री करून'. माणसं वाचतातच की, असं मी स्वतःला सांगितलं. माणसं पुस्तक वाचत नाहीत हे माझ्याइतकं जगात कोणालाच माहीत नाही.

नवी प्रत छापून आली. वर्कशॉपमधल्या प्रती प्लॅस्टिकच्या वेष्टनात कपाटावर जाऊन बसल्या, सुतळीवर जुनीच लटकत राहिली. नव्या प्रती घेऊन तीन यंत्रं रवाना झाली. मी वाट पाहू लागलो. या दिवसांत माझी झोप चांगली होती आणि भूकही. बायको म्हणाली, "बरं झालं, तुमचं डोकं जाग्यावर आलं." धाकटीकडे एकदा जेवायला गेलो तेव्हा मी साडूची स्तुती केली, मोकळ्या मनानं. त्याचा चेहरा उजळला. त्याला खरंच माझी स्तुती हवी होती, आणि हे पाहून मला त्याचा आणखीच राग आला.

सतराव्या दिवशी दुपारी मी एका बोल्टचं माप विचारायला वर्कशॉपमध्ये गेलो होतो. फोन वाजला. बारा-दोनचे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर चालू केला.

"बोला."

"इस्पितळाच्या धुलाईतून बोलतेय." बाईचा आवाज होता, घाईतला. "तुमचं नवं मशीन. मध्येच लाइट गेली, आता आलीय, पण हे हलतच नाही. आत चादरी आहेत आणि वरून वॉर्डवाले बोंबलताहेत."

"घाबरू नका बाई. रोजचं आहे हे."

"मी नाही घाबरत. वॉर्डवाले घाबरलेत."

"पुस्तक आहे जवळ?"

"आहे की. कोरं करकरीत."

"मग सहा-चार काढा. वाचा आणि तसंच करा. मी इथेच आहे फोनवर."

पानांचा आवाज आला. "सहा-चार... हां, सापडलं. स्पीकरवर टाकते, धरा हं."

फोन तिनं कशावर तरी ठेवला. बारा-दोन बाकावर बसून चिंधीनं हात पुसू लागला. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो, हातात बोल्ट.

मी किती वेळ गप्प होतो? मोजलं नाही. त्या वेळात मला साडू मॅडमसमोर मान खाली घालून उभा दिसला, एवढा वेळ तो होता. त्याची बायको माझ्या बायकोला फोन करून रडताना ऐकू आली, एवढाही होता. मग फोनमधून धातूवर धातू घासल्याचा एक आवाज आला, आणि तो आवाज मला पाठ होता, कारण त्याचं वर्णन मीच केलेलं आहे: 'तरफ ओढताना किंचित घर्षण जाणवेल.'

"दार उघडू नका!" मी फोनवर जाऊन ओरडलो. "बाई! लाल तरफ सोडा! सोडा आधी!"

पलीकडे काहीतरी पडलं. पाण्याचा फसकन आवाज, मग "आई गं!" आणि मग बराच वेळ काही नाही. बारा-दोनचा पाय थांबला होता. मी त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा.

"सोडली," बाईचा आवाज आला. "थोडं आलं बाहेर. पायावर. चपलेतून गेलं."

"पायावर थंड पाणी धरा. आत्ता, फोन राहू दे. मग मागे जा, निळी झडप आहे, ती उघडा. दाराला हात लावू नका."

पंधरा-वीस मिनिटांनी तिनं फोन उचलून सांगितलं की पाणी निघालं, डॉक्टर वरच्याच मजल्यावर असल्यामुळे पायही बघून झाला, दोन फोड आलेत. "आणि तुमच्या पुस्तकात दार लिहिलंय हो. मी काय मनानं केलं नाही." मग तिनं फोन ठेवला.

बारा-दोन माझ्याकडे बघत होता.

"ती लाल तरफ धरून उभी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"नव्या पुस्तकात सहा-चार म्हणजे दार आहे."

"कधीपासून?"

"छापल्यापासून."

"आणि तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

मी बोल्टकडे पाहिलं. तो अगदी हळू म्हणाला, "सहा-चार कर असं मी सांगितलं तिला. माझ्या तोंडून. अन् तुम्ही उभे होता." चिंधी बाकावर टाकून तो बाहेर गेला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि काम फारसं काढत नाही.

बारा-दोननं सांगितल्यावर साडू धावत आला. त्याला सगळं कळायला अर्धं मिनिट पुरलं. त्यानं तिन्ही गिऱ्हाइकांना फोन लावले, पुस्तक बाजूला ठेवा म्हणून सांगितलं. मग संगणकावर बसला आणि एकतीस रिकामे मथळे आणि सातवं प्रकरण जागच्या जागी परत घातलं. आकडे आपोआप खाली सरकले. बारा-दोन पुन्हा बारा-दोन झाला. एकूण दहा मिनिटं. मी मागे उभा राहून बघत होतो, आणि त्या बाईच्या पायावर माझ्यामुळे दोन फोड आलेले असताना माझ्या मनात काय यावं? की हे सॉफ्टवेअर फार छान आहे आणि ते याला येतं, मला येत नाही.

मॅडमनी संध्याकाळी पाचपर्यंत घटनेचा अहवाल मागितला. छापील फॉर्म असतो: काय झालं, कुठे, कोणाला इजा, कारण, उपाय. साडूनं तो भरला आणि तपासणारा म्हणून माझ्या सहीसाठी आणला.

"तुम्ही वाचवलंत, दादा," तो म्हणाला. "मॅडमना मी तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, पुस्तक तुमच्याकडेच द्यावं परत. मी हाताखाली राहीन. मला चालेल."

म्हणजे मला हवं होतं ते माझ्या टेबलावर, चार प्रतींत, सहीपुरतं बाकी होतं. मी 'कारण' हा रकाना वाचला. त्याच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: 'विभागांचे क्रमांक आपोआप बदलले. रिकाम्या विभागांचा हेतू मी संबंधितांना विचारला नाही. चूक माझी.'

"तुम्ही विचारलं होतंत," मी म्हणालो.

"विचारलं होतं. पण असू दे ना. घरातल्या घरात कशाला."

त्यानं हे माझ्याकडे न बघता म्हटलं, खिडकीकडे बघत. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं. बोल्ट हातात धरून उभं राहणं, 'तपासले, ठीक', सगळं. आणि तरी त्यानं तीन ओळींत मला झाकून टाकलं होतं. आता आयुष्यभर प्रत्येक जेवणाला हा समोर बसणार, 'दादा' म्हणणार, आणि मी याच्या मोठ्या मनाचा ऋणी. त्याचं सॉफ्टवेअर मी सहन केलं असतं. टाळ्याही सहन केल्या होत्याच. हे मात्र शक्य नव्हतं.

लोक पुढे म्हणाले की मला सद्बुद्धी सुचली. मी कोणाला अडवलं नाही. पण त्या क्षणी माझ्यात जे उसळलं ते माझ्या चांगलंच परिचयाचं होतं. गेले तीन महिने तेच तर उसळत होतं. मी पेन घेतलं, त्याच्या तिन्ही ओळी खोडल्या आणि वर लिहिलं: 'रिकाम्या विभागांचा हेतू मला विचारला होता. मला माहीत होते. मी सांगितले नाही. कच्च्या प्रतीतही दिसले होते, तरी ठीक म्हणून सही केली.' मग सही केली.

"अहो, हे काय करताय!" साडू म्हणाला. "इतकं नीट लिहिलं होतं मी!"

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "हे खरंय?"

"हो."

"का?"

"त्याला फॉर्मवर रकाना नाही," मी म्हणालो.

मॅडमचं अकरा-एक झालं. त्या जे बोलल्या ते मी इथे देत नाही, योग्य होतं. पुस्तक साडूकडे गेलं. माझं नाव आतल्या पानावरून निघालं. मला साडूच्या खोलीत, साडूच्या टेबलाला काटकोनात एक टेबल मिळालं आणि काम मिळालं ते असं: कोणते आकडे हलवायचे नाहीत आणि का, हे मी सांगायचं, त्यानं लिहून घ्यायचं. शिवाय दोघांनी जाऊन त्या बाईंची माफी मागायची.

गेलो. धुलाईची खोली तळमजल्यावर, गरम, साबणाच्या वासाची. बाईंच्या पायाला पट्टी होती आणि त्या एका पायावर भार देऊन चादरींच्या घड्या घालत होत्या. मी काय झालं ते पुन्हा एकदा सगळं सांगितलं, न वगळता. त्यांनी घडी घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही वाट बघितली."

"हो."

"आणि मग ओरडलातही तुम्हीच."

"हो."

"कसले हो तुम्ही!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कान अजून बधीर आहे माझा. आता आलाच आहात तर त्या कोपऱ्याचं टोक धरा, ही मोठी चादर एकटीला आवरत नाही."

मी टोक धरलं. अशा चाळीस चादरी झाल्या. साडू मध्ये म्हणाला, "मीही धरू का?" तर बाई म्हणाल्या, "तुमचं काय काम? यांनी केलंय ना?" तो भिंतीशी उभा राहिला, हाताची घडी घालून.

परत येताना तो रस्त्याच्या वळणावर एकदम म्हणाला, "काल ही मला काय म्हणाली माहितीये? तुमची मेहुणी."

"काय?"

"म्हणे, भावजींनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं सगळं. नाव गेलं, पुस्तक गेलं, तरी दिलं. तुमच्याच्यानं झालं असतं का हे?" तो थांबला. "मी काय केलं होतं ते तिला सांगता येईना. सांगितलं तर तुमचं आणखीच मोठेपण. वर्कशॉपमध्येपण तेच. बारा-दोन तुमच्याशी बोलत नाही, पण मागून सांगत असतो, माणूस वाईट आहे पण खोटा नाही. माझ्याबद्दल कोणी काहीच म्हणत नाही. तीन ओळी लिहिल्या होत्या मी, दादा. विचार करून लिहिल्या होत्या. तुम्ही खोडायला नको होत्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट, नाकपुड्या किंचित फुललेल्या, आणि नजर माझ्यावरून सारखी निसटत रस्त्यावर जात होती. हा चेहरा मी तीन महिने रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहत होतो. त्याच्यावर तो इतका शोभेल असं वाटलं नव्हतं.

"चहा घेऊ या का?" मी म्हणालो. मला एकदम फार बरं वाटत होतं.